खुर्चीचे भाडे, अनिश्चिततेचे मोल



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या शहरातल्या कित्येक पिढ्यांना जमाखर्च शिकवला. त्यांच्या वर्गात खर्चाचा आकडा नंतर यायचा, आधी खर्चाचे कारण विचारले जायचे. आजचा विषय मी त्या शिस्तीनेच मांडणार आहे. विषय साधा आणि रोजच्या व्यवहारातला आहे: नवा उद्योग सुरू करणाऱ्या तरुणांनी को-वर्किंगच्या, म्हणजे सीटमागे भाडे देऊन अनेक कंपन्यांनी मिळून वापरायच्या, जागेत पैसे घालावेत का?

सनदी लेखापाल म्हणून माझ्यासमोर हा प्रश्न वारंवार येतो. दोन-तीन जण मिळून कंपनी काढतात, नोकरीतून साठवलेले किंवा आईवडिलांनी दिलेले पैसे खात्यात असतात, आणि पहिल्या पाच प्रश्नांत एक प्रश्न हा असतो. पुण्यात बाणेरला एका सीटचे महिन्याला नऊ हजार सांगतात. एवढ्यात तर वर्गमित्राच्या काकांचा गाळा मिळतो. मग कुठे जायचे? ते विचारतात तेव्हा त्यांच्या डोक्यात तुलना असते ती खुर्चीच्या भाड्याची आणि खोलीच्या भाड्याची. या तुलनेत को-वर्किंग बहुतेक वेळा महागच ठरते. पण त्या नऊ हजारांत खुर्चीखेरीज आणखी एक गोष्ट विकत मिळते, ती म्हणजे महिना-दोन महिन्यांच्या नोटिशीवर निघून जाण्याची मुभा. सहा महिन्यांनी आपण तिघे असू की तेरा, हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्यासाठी या मुभेला मोल आहे. ज्याला सांगता येते, त्याने ती विकत घेण्यात अर्थ नाही. आजचे माझे सगळे म्हणणे या दोन वाक्यांचा विस्तार आहे.

जागेपायी उद्योग कसा अडतो, हे महाराष्ट्राला नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना आधी बेळगावात होता. 1903 च्या सुमारास त्यांचा लोखंडी नांगर तयार झाला, काम मार्गी लागत होते, आणि नगरपालिकेच्या विस्ताराच्या योजनेत त्यांची जागा गेली. यंत्रे आहेत, कारागीर आहेत, पण ती मांडायची कुठे, असा प्रसंग. औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळ जमीन आणि कर्ज देऊ केले, आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहायला सुरुवात झाली. एका संस्थानिकाने जागेची जोखीम स्वतःकडे घेतली म्हणून तो उद्योग तगला. पुढे 1981 मध्ये इन्फोसिसची नोंदणी झाली ती पुण्यात. कंपनीचे पहिले बिऱ्हाड म्हणजे नारायण मूर्तींचे घर. त्यांच्यापुढची अडचण खुर्चीची नव्हती, संगणकाची होती. परवाना राज्यात संगणक आयात करायला वर्षे लागत. म्हणून 1983 मध्ये कंपनी बंगळूरला गेली तेव्हा मायको या ग्राहकाकडच्या संगणकावर काम करून तिने सुरुवातीचा काळ काढला. प्रत्येक पिढीत नव्या उद्योजकाला एखादी वस्तू एकट्याने परवडत नाही. ती कुणाच्या तरी भांडवलावर वापरायला मिळाली की पहिली दोन वर्षे निभतात. आज संगणक प्रत्येकाच्या पिशवीत आहे. न परवडणारी वस्तू आता शहरातली जागा आहे, आणि त्याहून अधिक त्या जागेचा तीन वर्षांचा करार.

को-वर्किंग या नावाने ओळखली जाणारी चाल 2005 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाली. ब्रॅड न्यूबर्ग नावाच्या संगणक प्रोग्रॅमरने तिथल्या एका महिला गटाची जागा आठवड्यातून दोन दिवस वापरायला घेतली. एकट्याने काम करण्याचे स्वातंत्र्य हवे आणि सोबतही हवी, एवढीच त्याची इच्छा. पहिला महिनाभर कुणी आलेच नाही. तेव्हा हा धंदा नव्हता, सोबतीची सोय होती. सुसज्ज ऑफिस भाड्याने देण्याचा धंदा मात्र त्याआधीपासून होता: 1989 मध्ये ब्रुसेल्समध्ये रीगस सुरू झाली. डॉट-कॉमचा फुगा फुटल्यावर 2003 च्या जानेवारीत या कंपनीच्या अमेरिकी शाखेला दिवाळखोरीच्या संरक्षणात जावे लागले. कारण पुन्हा पुन्हा घडणारे आहे, म्हणून ते नीट सांगते. इमारतीच्या मालकाशी करार दहा-पंधरा वर्षांचा, आणि आपल्या गिऱ्हाइकाशी करार महिन्याचा. मंदी आली की गिऱ्हाईक पुढच्या महिन्यात निघून जाते. मालकाचे भाडे मात्र चालूच राहते.

हे गणित सर्वांत मोठ्या प्रमाणावर वीवर्कच्या बाबतीत दिसले. 2010 मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालेल्या या कंपनीचे मूल्य 2019 च्या जानेवारीत गुंतवणूकदारांनी 47 अब्ज डॉलर धरले. त्याच वर्षी शेअर विक्रीसाठी तिने जी कागदपत्रे दाखल केली, त्यांत भविष्यात द्यायच्या भाड्याचा आकडाही होता: 47 अब्ज डॉलरच्या थोडा वर. आणि सभासदांनी कराराने कबूल केलेले, म्हणजे खात्रीने यायचे उत्पन्न? सुमारे 4 अब्ज. माझ्या व्यवसायातल्या माणसाला हे दोन आकडे शेजारी शेजारी वाचल्यावर आणखी काही वाचावे लागत नाही. सप्टेंबर 2019 मध्ये ती शेअर विक्री मागे घेतली गेली, आणि नोव्हेंबर 2023 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

लोक या कथेकडे संस्थापकाच्या हावेची कथा म्हणून पाहतात. मला त्यातला दुसरा धागा महत्त्वाचा वाटतो. त्या वर्षांत जगभरच्या कितीतरी लहान उद्योगांना खुर्ची तिच्या खऱ्या किमतीहून स्वस्त मिळत होती. वरचा फरक सॉफ्टबँकेसारखे गुंतवणूकदार भरत होते. त्या काळी को-वर्किंग परवडते की नाही या प्रश्नाचे उत्तर सोपे होते: दुसऱ्याच्या पैशाने मिळणारी गोष्ट परवडतेच. आता तसे राहिलेले नाही. आपल्याकडे ‘ऑफिस’ (Awfis) ही को-वर्किंग कंपनी मे 2024 मध्ये शेअर बाजारात आली. स्मार्टवर्क्स आणि इंडिक्यूब जुलै 2025 मध्ये, आणि एम्बसी समूहाच्या ताब्यातली वीवर्क इंडिया त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. बाजारात नोंदलेल्या कंपनीला दर तिमाहीला हिशेब द्यावा लागतो. तिला भरलेली सीट हवी, आणि ती दीर्घकाळ भरलेली हवी. साहजिकच तिचा ओढा शंभर-दोनशे सीट एकदम घेणाऱ्या मोठ्या कंपनीकडे असणार. स्मार्टवर्क्स तर आपला भर मध्यम आणि मोठ्या कंपन्यांवर असल्याचे उघड सांगते. यात गैर काही नाही. पण ज्या तरुणांच्या नावाने हा धंदा ओळखला जातो, ते आता या धंद्याचे मुख्य गिऱ्हाईक नाहीत, हे त्यांनी ओळखून वाटाघाटीला बसावे. तुमच्या सहा खुर्च्यांसाठी कुणी फारसे वाकणार नाही.

आता आकड्यांकडे येते. पुढचे उदाहरण काल्पनिक आहे. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत, आपापल्या भागातले घालून पाहावेत.

सहा जणांची कंपनी. को-वर्किंगमध्ये सीटमागे 9,000, म्हणजे 54,000. त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे महिना 63,720. दुसरीकडे चारशे चौरस फुटांची स्वतंत्र जागा, भाडे 28,000. सोसायटीची देखभाल, व्यापारी दराची वीज, इंटरनेट, साफसफाई, चहा मिळून आणखी 18,000. एकूण 46,000. इथे बहुतेक जण थांबतात आणि म्हणतात, दरमहा साडेसतरा हजार वाचले. पण स्वतंत्र जागेत शिरण्यासाठी दलालाला एका महिन्याचे भाडे द्यावे लागते. टेबले, खुर्च्या, वायरिंग, एसी, यूपीएस मिळून चार लाख धरा. सहा महिन्यांचे डिपॉझिट 1,68,000. म्हणजे पहिले काम होण्याआधी 5,96,000 रुपये हातातून गेले. को-वर्किंगमध्ये दोन महिन्यांचे डिपॉझिट धरले तर 1,08,000.

समजा, कंपनी अकरा महिन्यांत बंद पडली किंवा तिला दुसरीकडे जावे लागले. को-वर्किंगचा एकूण खर्च 7,00,920. स्वतंत्र जागेचा: अकरा महिन्यांचे 5,06,000, दलालीचे 28,000, आणि चार लाखांचे फर्निचर विकून लाखभर आले तर त्यातला तीन लाखांचा तोटा, एकूण 8,34,000. को-वर्किंग स्वस्त पडले. तीच कंपनी तीन वर्षे टिकली, सहाची सहाच राहिली, तर को-वर्किंगचे 22,93,920 आणि स्वतंत्र जागेचे, फर्निचरची किंमत शून्य धरूनही, 20,84,000. आता स्वतंत्र जागा स्वस्त. दोन्हींचा तराजू समतोल होतो तो साधारण चोविसाव्या महिन्यात.

यात एक बाब अशी आहे की तिने सगळे चित्र बदलते, आणि तरुण मंडळी तिच्याकडे हमखास दुर्लक्ष करतात. सेवा देणाऱ्या व्यवसायाची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटीची नोंदणी सक्तीची नसते. अशा कंपनीला को-वर्किंगच्या बिलावरचे अठरा टक्के हा निखळ खर्च आहे. पण कंपनी नोंदणीकृत असेल, तिला स्वतःच्या बिलावर कर लावता येत असेल, किंवा ती परदेशी ग्राहकाला सेवा देऊन परतावा मागत असेल, तर ते अठरा टक्के वजावटीतून परत येतात. मग दरमहाचा फरक 17,720 वरून 8,000 वर उतरतो, आणि तराजू समतोल व्हायला चोवीसऐवजी त्रेपन्न-चौपन्न महिने लागतात. फर्निचरवरचा कर मी इथे बाजूला ठेवला आहे, तरी मुद्दा कायम राहतो. शेजारच्या टेबलावरच्या कंपनीला जे परवडते ते तुम्हाला परवडेलच असे नाही. दोघांची सीट एक, दर एक, आणि खरा खर्च मात्र वेगळा.

पण याहूनही मोठा फरक माणसांच्या संख्येचा. आठव्या महिन्यात मोठा ग्राहक गेला आणि सहाचे तीन झाले, तर को-वर्किंगचे बिल निम्म्यावर येते. स्वतंत्र जागेचे 46,000 जवळपास तसेच राहतात. उलट सहाचे बारा झाले तर चारशे फुटांत दाटी होते, आणि चार लाखांचे फर्निचर नव्या जागेत बसत नाही. कंपनीकडे एकूण पंधरा लाख असतील आणि महिन्याचा खर्च तीन लाख असेल, तर तिचे आयुष्य पाच महिन्यांचे. जागेत शिरतानाच्या दोन रकमांमधला 4,88,000 चा फरक म्हणजे त्यातला दीड महिन्याहून अधिक काळ. त्या दीड महिन्यात पहिला पैसे देणारा ग्राहक मिळालेल्या कंपन्या मी पाहिल्या आहेत. म्हणून मी मुलांना सांगते, दरमहाचे भाडे बघू नका, तुमचे किती महिने त्या जागेत गाडले जातात ते बघा.

हे झाले जाहिरातीतल्या दराचे. बिलात आणखी काय काय येते तेही पाहावे. मीटिंग रूमचे तास ठरावीक, त्यापुढे ताशी आकारणी. गाडी लावायचे वेगळे. प्रिंटचे वेगळे. संध्याकाळनंतर एसी बंद, हवा असेल तर पैसे. अमेरिकेतल्या ग्राहकाबरोबर रात्री दहाला बोलणाऱ्या कंपनीला हे कलम फार महागात जाते. दरवर्षीची वाढ करारात लिहिलेली असते. आणि सगळ्यांत मुख्य म्हणजे लॉक-इन, म्हणजे ठरावीक मुदतीआधी जागा सोडता येणार नाही असे कलम. ज्या मुभेसाठी आपण जादा पैसे मोजतो, तीच मुभा वर्षभराच्या लॉक-इनने काढून घेतली असेल, तर तो व्यवहार करू नये. दर थोडा कमी मिळतो म्हणून मुले अशा करारावर सही करतात. हे म्हणजे छत्री स्वस्तात घ्यायची आणि पावसाळ्यात ती उघडायची नाही, असे कबूल करण्यासारखे आहे.

कराराचे स्वरूपही समजून घ्या. स्वतंत्र जागेचा लिव्ह अँड लायसन्स करार अकरा महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही, असा समज अजून आहे. महाराष्ट्रात तो चुकीचा आहे. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी जागामालकावर आहे. को-वर्किंगमध्ये सहसा तुम्ही भाडेकरू नसताच, सभासद असता. चालक तुम्हाला दुसऱ्या मजल्यावर हलवू शकतो, आणि चालकानेच इमारतीच्या मालकाचे भाडे थकवले तर तुमचा त्या जागेवर काही हक्क उरत नाही. म्हणून सही करण्यापूर्वी एवढे तरी विचारा: या इमारतीचा तुमचा स्वतःचा करार कधी संपतो?

नोंदणीच्या पत्त्याचा विषय कंटाळवाणा वाटेल, पण त्यावाचून कामे अडतात. कंपनी स्थापन झाल्यापासून तीस दिवसांत तिचे नोंदणीकृत कार्यालय असावे लागते, आणि बाहेर नावाची पाटी लागते. पाटीवरची अक्षरे स्थानिक भाषेची नसतील तर स्थानिक भाषेतही नाव लिहावे, असे कंपनी कायद्याच्या कलम 12 मध्येच आहे. महाराष्ट्रात म्हणजे मराठीत. जीएसटीचा पत्ता म्हणून को-वर्किंगची जागा द्यायची तर चालकाचे संमतिपत्र आणि वीजबिलासारखे कागद वेळेवर मिळायला हवेत. अधिकारी पाहणीला आला आणि स्वागतकक्षातल्या मुलीला तुमच्या कंपनीचे नावच माहीत नसले, तर नोंदणी लांबते. केवळ पत्ता विकत घेऊन प्रत्यक्ष काम दुसरीकडे करणाऱ्यांनी हा धोका अधिक गंभीरपणे घ्यावा.

आता जमाखर्चात सहज न मावणाऱ्या दोन गोष्टींबद्दल बोलते, आणि त्यांच्यावर थोडा वेळ घेते, कारण माझ्या मते त्याच सर्वांत कमी बोलल्या जातात.

पहिली गोष्ट: जागा कुणाला मिळते? स्वतंत्र ऑफिस शोधताना दलाल आधी आडनाव विचारतो. मग गाव, मग वडील काय करतात, मग कंपनीत मुली आहेत का आणि त्या रात्री किती वाजेपर्यंत थांबणार. मालकाला परतूरहून आलेल्या तेवीस वर्षांच्या मुलाची ओळख नसते, त्याला हमी हवी असते. ज्याचा मामा पुण्यात आहे त्याचे काम होते. ज्याचा नाही त्याला सोसायटीचे नियम सांगितले जातात. मुसलमान मुलांना, दलित मुलांना काय उत्तरे मिळतात ते या सभागृहातल्या पुष्कळांना ठाऊक आहे. ठाऊक असूनही आपण ते बोलत नाही. को-वर्किंगचा माणूस ओळखपत्र आणि पैसे मागतो आणि चावीचे कार्ड हातात ठेवतो. त्याचा हेतू उदात्त असायची गरज नाही. खुर्ची रिकामी राहिली तर त्याचे नुकसान आहे, एवढे पुरते. ज्याला या शहराने दार उघडले नसते त्याला ते उघडून मिळत असेल, तर सीटमागच्या दोन-तीन हजारांच्या जादा दराला मी महाग म्हणणार नाही. ज्यांच्याकडे काकांचा गाळा आहे त्यांनी आपल्या हिशेबाने या मुलांना उधळे ठरवू नये.

दुसरी गोष्ट घरातून काम करणाऱ्या बायकांची. पहिला ग्राहक मिळेपर्यंत घरूनच काम करा, असा सल्ला सर्रास दिला जातो, आणि बहुतेकांसाठी तो बरोबरही आहे. पण लग्न झालेल्या बाईला घरी सलग तीन तास मिळतात का? दाराची बेल तिच्यासाठी, गॅसची टाकी तिच्यासाठी, सासऱ्यांच्या औषधाची वेळ तिच्यासाठी. ती लॅपटॉप उघडून बसली आहे म्हणजे मोकळीच आहे, असे घरातले धरून चालतात, आणि त्यात कुणाचा दुष्टावा नसतो. घराबाहेर जाऊन बसली की ती कामाला गेलेली असते. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणींच्या बाबतीत महिन्याच्या सहा-सात हजारांनी आधी वेळ विकत घेतला आणि मग जागा. अशा खर्चाला मी वहीत भाड्याच्या सदरात लिहिते, कारण दुसरे सदर नाही. पण तो सगळ्यांत आधी कापायचा खर्च आहे, असे मी कधीही म्हणत नाही.

को-वर्किंगची जाहिरात मात्र या दोन गोष्टींची नसते. ती असते ओळखीपाळखीची: इथे या, इथे गुंतवणूकदार भेटतील, भागीदार भेटतील, कॉफीच्या यंत्रापाशी कल्पना सुचतील. यात तथ्य किती? अमेरिकेतल्या एका मोठ्या तंत्रज्ञान-केंद्राचा अभ्यास रोश, ओटल आणि कॅटालिनी या संशोधकांनी केला आहे. तिथे 251 नव्या कंपन्यांना खोल्या कुठल्याही ठरावीक निकषाशिवाय वाटल्या गेल्या होत्या, त्यामुळे शेजाराचा परिणाम वेगळा काढून पाहता आला. जवळच्या कंपन्या एकमेकींकडून नवे तंत्र उचलतात, हे दिसले. पण वीस मीटरच्या पुढे हा परिणाम उरत नाही. एकाच मजल्यावर वीस मीटरपलीकडे बसलेली कंपनी आणि वेगळ्या मजल्यावरची कंपनी यांत फरक राहत नाही. शिवाय ज्या कंपन्या एकमेकींहून वेगळ्या होत्या आणि तरीही आपसांत मिसळत होत्या, त्यांच्यात सर्वाधिक देवाणघेवाण झाली. मिसळणाऱ्यांनाच फायदा झाला.

या अभ्यासाशेजारी आणखी एक ठेवावा लागतो. बर्नस्टीन आणि टर्बन यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, दोन मोठ्या कंपन्यांनी भिंती काढून मोकळी ऑफिसे केल्यावर समोरासमोरचे बोलणे सुमारे सत्तर टक्क्यांनी घटले. सगळे सगळ्यांना दिसू लागले की माणूस कानात यंत्र घालून पडद्याकडे बघत बसतो. ही पाहणी मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयांची आहे, को-वर्किंगची नाही. पण कानात यंत्र घातलेली माणसे पाहायला बाणेरच्या कुठल्याही मजल्यावर जावे. एकत्र बसवल्याने सोबत घडत नाही. ती कुणाला तरी घडवावी लागते. म्हणून जागा पाहायला जाल तेव्हा सोफा आणि भिंतीवरची चित्रे सोडून द्या, आणि दुपारी एकच्या सुमारास जेवणाच्या टेबलापाशी थांबा. डबे एकत्र उघडले जातात की प्रत्येक जण आपल्या जागेवर बसून खातो, एवढे पाहिले तरी तुमच्या दराचा किती भाग त्या ओळखीपाळखीसाठी द्यावा ते कळेल. आणि आपले टेबल कुठे आहे ते विचारून घ्या, कारण वीस मीटर म्हणजे फार नव्हे.

काही कंपन्यांनी मात्र या वाटेला जाऊच नये. दिवसभर फोनवर विक्री करणाऱ्यांची आणि शेजाऱ्यांची, दोघांचीही तिथे अडचण होते. बँकेची किंवा रुग्णालयाची माहिती हाताळणाऱ्यांना ग्राहक माहितीच्या सुरक्षिततेबद्दल प्रश्न विचारतो, आणि सामायिक वायफायचे उत्तर त्याला पटत नाही. हाताने वस्तू बनवणाऱ्यांना तर को-वर्किंगचा उपयोग फारसा नाही. तिथे सोल्डरिंगचा धूर चालत नाही, लेथ तर दूरच. त्यांनी भोसरीच्या औद्योगिक भागातला गाळा पाहावा. प्रयोगशाळा लागणाऱ्यांसाठी पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात 2007 पासून व्हेंचर सेंटर आहे. मुंबईत आयआयटीमध्ये 2004 पासून साइन हे नवउद्योगांचे केंद्र आहे. तिथे सामायिक असतात ती महागडी उपकरणे, जी एकट्याला घेताच येत नाहीत. सामायिक वापराचा खरा फायदा अशा ठिकाणी मला अधिक दिसतो. खुर्ची शेवटी पाच हजारांना विकत मिळते, उपकरण पन्नास लाखांना.

मग को-वर्किंग सोडायचे केव्हा? माणसांची संख्या चार-सहा महिने स्थिर राहिली, पुढच्या दीड-दोन वर्षांचे काम हातात असले, आणि बैठकीच्या खोलीसाठी रोज रांग लावावी लागू लागली, की स्वतंत्र जागेकडे बघायला लागावे. साधारण दहा-बाराच्या पुढे हे होते, पण मी संख्येला बांधून घेत नाही. पुढच्या वर्षाबद्दल तुम्ही किती खात्रीने बोलू शकता, ती कसोटी. खात्री वाढली की मुभेसाठी मोजलेले पैसे वाया जाऊ लागतात. ते महिन्याला एकदा बिल भरताना जाणवत नाही, वर्षाचा ताळेबंद मांडताना जाणवते. उलट, मोठी जागा घेतली म्हणून ग्राहकाला आपण मोठे वाटू, या आशेने तीन वर्षांचे करार करणाऱ्यांना मी हात जोडून थांबवते. तुमच्या ग्राहकाला काम वेळेवर हवे आहे. तुमची लॉबी तो एकदा पाहील.

शेवटी, पुण्या-मुंबईबाहेरचे. लातूर, चंद्रपूर, रत्नागिरी इथल्या मुलांना हा सगळा हिशेब लागू पडत नाही. तिथे जागा स्वस्त आहे. मोठ्या चालकांना तिथे शंभर सीट भरण्याची खात्री नाही, म्हणून ते सहसा जात नाहीत. घरात टेबल आहे, पण वीज जाते, इंटरनेट तुटते, आणि बोलायला त्याच कामातला दुसरा माणूस नाही. तिथे अशा सामायिक जागेचा दर दीड-दोन हजारांचा असला तरी चालेल, पण ती चालवणारा नफ्याच्या अपेक्षेने येणारा नसेल. ते काम नगर वाचनालयांनी, अभियांत्रिकी महाविद्यालयांनी, जुन्या शिक्षणसंस्थांनी करायला हवे. आपल्या प्रत्येक गावात अशा संस्थांच्या इमारती आहेत, आणि दुपारी बारा ते सहा त्यांतल्या निम्म्या खोल्यांना कुलूप असते.

या संस्थेचीही तळमजल्यावरची दोन दालने दुपारभर बंद असतात. पदाधिकारी समोर बसले आहेत, म्हणून विनंती इथेच करते. त्या दालनांत वीस टेबले सहज बसतील. इंटरनेटच्या दोन वेगवेगळ्या जोडण्या घ्या, म्हणजे एक तुटली तरी काम थांबणार नाही. इन्व्हर्टर बसवा. दर असा ठेवा की संस्थेचा वीज आणि साफसफाईचा खर्च निघेल. महिन्याच्या नोटिशीचा एक पानी करार मराठीत लिहा, लॉक-इन नको. नोंदणीसाठी लागणारे संमतिपत्र पहिल्या आठवड्यात द्या, त्याचा मसुदा मी विनामूल्य तयार करून देईन. पाचव्या वर्षी कुणी खुर्ची अडवून बसू नये म्हणून कमाल मुदत दोन वर्षांची ठेवा, आणि पहिल्या वीसांत निम्म्या जागा बाहेरगावहून आलेल्यांसाठी आणि मुलींसाठी राखून ठेवा. कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय यावा, एवढे माझे मागणे आहे.